बीजाणूवरची जाळी आणि अर्जातला रकाना

श्लेष्मकवकाची (स्लाइम मोल्ड, म्हणजे बुरशीसारखा दिसणारा पण अमीबाच्या नात्यातला जीव) जात ओळखताना त्या जीवाने मला दिला नाही इतका त्रास इंदुरातल्या एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेने दिला.

परसातल्या कुजक्या ओंडक्यावरचा पांढरा चिकट थर एका रात्रीत गडद तपकिरी तुऱ्यांचा गुच्छ झाला होता. काळा चकचकीत देठ, लांबट बीजाणुधानी (बीजाणूंची पिशवी) आणि बीजाणू उडून गेल्यावर उरणारी पृष्ठभागावरची बारीक जाळी यांवरून स्टेमोनायटिस ही प्रजाती (अनेक जातींचा गट) घरच्या साध्या सूक्ष्मदर्शकाखालीच ठरली. दिसायला जवळच्या कोमाट्रिका या प्रजातीला अशी बाहेरची जाळी नसते. जातीसाठी मात्र बीजाणूचा पृष्ठभाग पाहावा लागतो. स्टेमोनायटिसच्या फुस्का या जातीच्या बीजाणूवर उंचवट्यांची जाळी असते, तर अ‍ॅक्सिफेरा या जातीचे बीजाणू जवळजवळ गुळगुळीत असतात, आणि जेमतेम ८ मायक्रॉनच्या गोळ्यावरचे हे नक्षीकाम तेलात टेकवलेल्या शंभरपट भिंगाशिवाय स्पष्ट दिसत नाही.

असे भिंग वापरण्यासाठी अर्ज करावा लागला. त्यात ‘नमुन्याचा प्रकार’ या रकान्यात दोनच पर्याय होते, वनस्पती किंवा प्राणी. मी प्रामाणिकपणे ‘अमीबोझोआ’ (अमीबा आणि त्याच्या नातलगांचा गट) असे लिहिले आणि अर्ज परत आला. वनस्पतिशास्त्र विभागाने सांगितले की अमीबाचे नातलग प्राणिशास्त्राकडे जातात. प्राणिशास्त्र विभागाचे म्हणणे असे की बुरशीसारखे दिसणारे काहीही त्यांच्याकडे येत नाही. ‘काका, तुम्हीच काय ते एक ठरवा ना,’ असे खिडकीवरची मुलगी प्रत्येक वेळी हसून म्हणायची आणि मी दर वेळी अधिकच चिडून परतायचो. अखेर मी स्वतंत्र पत्र जोडले की हा जीव वनस्पती नाही आणि बुरशीही नाही, तरी त्याचे शास्त्रीय नामकरण आजही शैवाल, कवक आणि वनस्पती यांच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीनुसारच होते. त्या एका वाक्यावर सही मिळाली. आपण मात्र शहाणपणा न दाखवता ‘वनस्पती’पुढे खूण करावी.

भिंगाखाली जाळी स्वच्छ दिसली आणि ‘स्टेमोनायटिस फुस्का’ असे लिहिताना मला वाटलेला अभिमान त्या कामाच्या मानाने बराच मोठा होता. बीजाणू पाण्यात भिजत नाहीत, म्हणून काचपट्टीवर आधी अल्कोहोलचा थेंब टाकावा आणि मग पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे ३ टक्के द्रावण. त्याच्याही आधीची गोष्ट म्हणजे नमुना पूर्ण पिकून कोरडा झाल्यावरच उचलावा, कारण पांढऱ्या थरावरून जात सांगता येत नाही. सालीच्या तुकड्यासह तो काड्यापेटीच्या तळाला डिंकाने चिकटवून ठेवावा, म्हणजे नाजूक तुरे कशाला घासत नाहीत.