पळसाखाली हरवलेली तबकडी

भाच्यानं खेळायला केशरी रंगाची तबकडी आणली. का, तर नागपूर म्हणजे संत्री! दोन वर्षं फिनलंडात शिकून आलेल्या पोराची ही अक्कल. तिकडे बर्फावर केशरी रंग लांबून दिसतो, हे खरं आहे. थंडीत तर तबकडीला मागून फीतसुद्धा चिकटवतात म्हणे, म्हणजे ती बर्फात रुतली तरी शेपूट वर राहते. पण आपल्याकडे ऐन फाल्गुनात पळसाखाली केशरी तबकडी फेकली तर काय होणार? ते पुढे सांगतो.

खेळाचं नाव डिस्क गोल्फ. काठी-चेंडूऐवजी हातानं फेकायची तबकडी आणि जमिनीतल्या भोकाऐवजी खांबावर बसवलेली, वर साखळ्या लोंबणारी लोखंडी टोपली. कमीत कमी फेकींत तिथे पोचायचं. फिनलंडात भाचा हे पाइनच्या रानात खेळायचा. नागपुरात टोपली कुठून आणायची? मी म्हटलं, सोड बे, टोपलीवाचून काय अडलं! तर तो म्हणाला, "मामा, आधी टोपली नव्हतीच." एड हेड्रिक नावाच्या माणसानं १९७५ साली कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कात या खेळाचा पहिला कायमचा कोर्स, म्हणजे मैदान, आखला. त्याच्याही आधी लोक झाडं, दिव्याचे खांब, कचऱ्याचे डबे असं जे दिसेल त्यावर नेम धरून खेळत. साखळ्यांची टोपली ही हेड्रिकचीच नंतरची करामत. २००२ साली तो वारला, तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची रक्षा प्लॅस्टिकमध्ये मिसळून तबकड्या काढल्या. हे आईला सांगितलं तर ती म्हणाली, "माय वं! मंग लोकं त्याले फेकतेत?"

तर आम्ही जुन्या पद्धतीनं सुरू केलं. सेमिनरी हिल्सच्या बाजूला एक बाग आहे. नाव सांगत नाही, उगाच गर्दी नको. सकाळचे चालणारे साडेनऊपर्यंत घरी जातात, संध्याकाळची पोरं पाचनंतर येतात. माझी कामाची पाळी दुपारी दोनची, त्यामुळे मधला वेळ आमचा. साग, बांबू, दोनचार कडुनिंब, कुंपणाकडे पळस. पावलं मोजून नऊ होल ठरवली आणि वहीत नकाशा काढला. कुठे खिळा ठोकला नाही, फीत बांधली नाही, चुन्याची रेघ मारली नाही. पहिलं होल म्हणजे बंद पडलेला दिव्याचा खांब. तिसरं, कुणाच्यातरी स्मरणार्थ दिलेला सिमेंटचा बाक. नववं, चोच तुटलेला पेंग्विन, म्हणजे तो 'मला वापरा'वाला कचऱ्याचा डबा. तबकडी थेट त्याच्या तोंडात गेली की जो गडगड आवाज होतो, तो साखळीच्या टोपलीच्या जवळपास जातो असं भाच्याचं मत. बाहेरच्या माणसाला यातलं काही दिसत नाही. त्याला दिसतात दोन रिकामटेकडे, एक पन्नाशीचा आणि एक पंचविशीचा, बाकाकडे रोखून बघत उभे.

पहिले पंधरा दिवस मी बाउंड्रीवरून विकेटकीपरकडे थ्रो करावा तसा जोर लावत होतो. प्रत्येक फेक सागावर. टक्. या खेळातल्या लोकांची थट्टा आहे की झाड म्हणजे नव्वद टक्के हवा. आमच्या सागाला तर या दिवसांत एक पान नसतं, म्हणजे हवा आणखीच जास्त. तरी टक्. (हाच साग पावसाळ्यात सुपाएवढी पानं घेऊन उभा राहील तेव्हा आमचं काय होणार, देव जाणे.)

खरी मजा चौथ्या होलची. पंचावन्न पावलं. वीस पावलांवर दोन साग, मध्ये दोन हात पसरले तर बोटं टेकतील एवढीच जागा. त्यातून निघालं की डावीकडे वळण आणि बांबूच्या बेटामागे कडुनिंब. उजव्या हातानं, आडवा हात पोटाजवळून नेऊन फेकलेली तबकडी वेग ओसरला की आपसूक डावीकडे उतरते. म्हणजे हे होल जणू माझ्यासाठीच आखलंय. पण भाच्याचा ड्रायव्हर, पातळ धारेचा, लांब जाणारा, माझ्या हातून सुटला की सागापर्यंत पोचायच्या आधीच डावीकडे कलंडतो. त्याला हवा तेवढा वेग माझ्या खांद्यात नाही. शेवटी मी जाड काठाचा पटर घेतला, जो टोपलीजवळ आल्यावर वापरायचा असतो. हळू फेकला, सपाट फेकला. तो दोन सागांमधून असा गेला की जसं कुणी उंबरठा ओलांडून घरात आलं. मग सावकाश डावीकडे. भाचा काही बोलला नाही, म्हणजे चांगलीच फेक होती.

बेटात शिरली तर मात्र भोगा. फांदी मोडायची नाही, वाट करून घ्यायची नाही, हा नियमच आहे. जिथे पडली तिथूनच पुढची फेक. मी गुडघ्यावर बसून बांबूखालून फेकतो, ते चालतं. उठताना मात्र भाच्याचा हात लागतो. त्याबद्दल नियमात काही नाही.

चौकीदार पहिल्या आठवड्यात आला होता. "काय फेकून राहिले जी तुम्ही?" भाच्यानं फिनलंडपासून सुरुवात केली. मी मध्येच म्हटलं, "तबकडी फेकतो, उचलतो, झाडाले काही होत नाही, कोणी आलं तं थांबतो." तो "हौ" म्हणाला आणि गेला.

आणि मग ती केशरी. सातव्या होलला भाच्याचाच हात सुटला आणि तबकडी कुंपणाकडे पळसांत गेली. जाऊन बघतो तर जमीनभर फुलं. केशरीवर केशरी. नियमाप्रमाणे तीन मिनिटं शोधायचं, नाही सापडली तर एक फेक दंड. त्यानं मोबाइलवर तीन मिनिटं लावली आणि आम्ही पाऊण तास शोधलं. पायांनी फुलं सारली, सागाची वाळकी पानं उलटी केली, एक जुनी चप्पल निघाली. मी म्हटलं, पांढरी आणायची होती ना बे.

आठ दिवसांनी फाटकाजवळच्या खोलीपाशी पाणी प्यायला गेलो. उन्हाळा सुरू म्हणून मावशींनी माठ मांडलेला. झाडून काढतात, झाडांना पाणी देतात त्या मावशी. माठावर केशरी झाकण. त्यावर गडू ठेवलेला.

"मावशी, हे कुठे मिळालं?"

"झाडता झाडता मिळालं. मस्त बसते पाहा." त्यांनी गडू उचलून झाकण फिरवून दाखवलं. खरंच मस्त बसत होतं. तबकडीची कड खालून आत वळलेली असते, ती माठाच्या तोंडाला नेमकी अडकते. "तुमचं हाय का?"

भाच्यानं माझ्याकडे बघितलं, मी माठाकडे. "नाही," तो म्हणाला.

परत येताना त्यानं वही काढली आणि त्या दिवसाच्या सातव्या होलचा दंड खोडला. मी म्हटलं, हे काय. म्हणाला, हरवली कुठे, कुठे आहे ते माहीत आहे ना आपल्याला. मी म्हटलं, तीन मिनिटांत माहीत नव्हतं. यावरून सिव्हिल लाइन्सपर्यंत भांडण झालं. वहीत ते होल अजून रिकामं आहे.