चक्क्याच्या मागावर: सॅक्सनी ते स्प्रेवाल्ड, उन्हाळा 2025

उन्हाळी सत्राची व्याख्याने जुलैच्या मध्यावर संपली आणि हिवाळी सत्र ऑक्टोबरमध्ये सुरू होईपर्यंत पूर्व जर्मनीतील सॅक्सनी राज्यातल्या लाइपझिगमध्ये माझ्या हाती वेळच वेळ होता. त्यामुळे गेल्या हिवाळ्यात मनात घेतलेला छंद यंदा नीट मार्गी लागला. केवळ प्रादेशिक गाड्यांनी फिरायचे, ज्या गावात क्वार्कचा, म्हणजे चक्क्यासारख्या जर्मन ताज्या चीजचा, काही खास पदार्थ होतो तिथे उतरून तो निवांत खायचा, वहीत उतरवायचा आणि परत आल्यावर वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात करून पाहायचा, असा हा छंद आहे. मी मासे-मांस खात नाही, अंडे मात्र चालते. या भागात माझ्यासारखीने पोटभर आणि स्वस्तात काय खावे, याचे क्वार्क हे सर्वांत प्रामाणिक उत्तर आहे, असे माझे मत आता पक्के झाले आहे.

जर्मनीत नव्याने आलेले आपले लोक क्वार्कला सरसकट चक्का म्हणतात. नाते जवळचे आहे, पण दोन्ही एक नव्हेत. चक्का दही बांधून होतो. क्वार्कसाठी पाश्चरीकृत दुधाला विरजणाबरोबर बहुधा थोडे रेनेटही (दूध साकळवणारे विकर) लावतात आणि मग त्यातले पाणी काढून टाकतात. रेनेट वासराच्या जठरातून काढलेले आहे की सूक्ष्मजीवांपासून केलेले, हे डब्यावर नेहमी लिहिलेले नसते, म्हणून शाकाहारी मंडळींनी ते उत्पादकाकडे विचारून घ्यावे. दुसरी गफलत टक्केवारीची होते. डब्यावर 40 टक्के लिहिलेले असते ते पाणी वगळून उरलेल्या घन भागातील स्निग्धांशाचे प्रमाण होय. एकूण वजनात स्निग्धांश साधारण 10 ते 11 टक्केच भरतो. श्रीखंडासाठी हाच 40 टक्क्यांचा डबा घ्यावा. बिनसायीचा क्वार्क स्वस्त असतो, पण त्याचे श्रीखंड जिभेवर पिठूळ लागते.

पहिली फेरी 19 जुलैला ड्रेस्डेनची झाली. वेगवान गाडीने ती वाट तासाभराची आहे. प्रादेशिक गाडी वुर्त्सन, ओशात्स, रीझा अशी थांबत जाते आणि दीड तासाहून अधिक वेळ घेते. देशभरच्या मासिक डॉइचलान्ड-तिकिटावर वेगवान गाड्या चालत नाहीत, ही अनेकांची तक्रार असते. मला मात्र हीच त्याची मोठी देणगी वाटते. 1839 मध्ये पूर्ण झालेला लाइपझिग-ड्रेस्डेन हा जर्मनीतील पहिला लांब पल्ल्याचा लोहमार्ग आहे, आणि रीझाला एल्ब नदीवरून जाताना गाडीची खिडकी उघडी असली की नदीचा ओलसर वास डब्यात येतो. ड्रेस्डेनला मी आयरशेके खाल्ले. खाली यीस्टच्या कणकेचा पातळ थर, मध्ये क्वार्क आणि वर अंडे, लोणी, व्हॅनिला यांचा मऊ पिवळा थर असा हा केक असतो. त्याचा चौकोनी तुकडा घेऊन नदीकाठच्या गवतावर बसले. चमच्याने कापताना वरचा थर थरथरतो, मधला शांतपणे तुटतो आणि खालचा किंचित ताणला जातो. तो तुकडा संपवायला मला अर्धा तास लागला.

2 ऑगस्टला फ्रायबेर्गला गेले ते मुद्दाम, कारण तिथल्या आयरशेकेत क्वार्कच नसतो. 1168 मध्ये चांदी सापडल्यामुळे वसलेले हे खाणींचे गाव आहे. गावची आख्यायिका अशी की तटबंदी बांधताना चुन्यात घालायला सगळा क्वार्क लागला, म्हणून बायकांनी क्वार्कविना केक केला. केक चपटा आणि बेदाण्यांचा होता, चांगला होता. पण मधल्या थराची आठवण येत राहिली.

मात्र या उन्हाळ्याची खरी फेरी स्प्रेवाल्डची. 14 ऑगस्टला टोर्गाऊ, फाल्केनबेर्ग, फिन्स्टरवाल्डे करीत कालाऊला उतरले आणि गाडी बदलून ल्युबेनाऊ गाठले. इथे स्प्रे नदी असंख्य चिंचोळ्या प्रवाहांत फुटते आणि सगळा प्रदेश पाणी व झाडी यांची जाळी होऊन जातो. गावांची नावे जर्मन आणि सोर्बियन (इथल्या स्लाव अल्पसंख्याकांची भाषा) अशा दोन भाषांत लिहिलेली दिसतात. चपट्या होड्यांना वल्ही नसतात. नावाडी मागे उभा राहून लांब काठीने तळ रेटतो. जवळच्या लेडे गावात 1897 पासून टपाल होडीने वाटले जाते. काठावर ओळीने पिंपे मांडून काकड्यांचे लोणचे विकतात: शेपू-मिठातले, मोहरीचे, मसाल्याचे. मी शेपूची एक काकडी कागदात घेऊन चावत चालत होते, तेव्हा एका पाटीवर मला हवा असलेला पदार्थ दिसला: उकडलेले बटाटे, क्वार्क आणि जवसाचे तेल.

ताट आले. सालीसकट उकडलेले पाच लहान बटाटे, शेजारी बारीक कांदा, मीठ आणि चाइव्हची पात घालून फेटलेल्या क्वार्कचा ढीग, त्याच्या मध्ये बोटाने करावा तसा खळगा, आणि खळग्यात गर्द सोनेरी तेल. बटाटा फोडला, वाफ निघाली, त्यावर क्वार्क घेतला आणि तेलाची धार ओघळली. पहिला घास तोंडात गेला आणि मी वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या घरी आजीच्या चुलीसमोर जाऊन बसले. आजी भाकरीवर जवसाची चटणी घालून तिला मध्ये असाच खळगा करी आणि वर कच्चे तेल सोडी. ते तेलही जवसाचेच असे. घरी आता शेंगदाण्याचे आणि सोयाबीनचे तेल येते. जवसाच्या तेलाचा तो किंचित कडवट, गवताळ, अक्रोडासारखा वास मी दहा-बारा वर्षांत घेतला नव्हता. तो हजारो मैलांवर, दलदलीतल्या एका गावात, बटाट्यावर भेटला. मी त्या ताटापाशी दोन तास बसले आणि दुसरे ताट मागवले.

रात्री तंबूत मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी बसने श्ट्राउपिट्झला गेले. तिथल्या 1850 च्या पवनचक्कीत एकाच छपराखाली दळण, तेल गाळणे आणि लाकूड कापणे ही तिन्ही कामे होतात. जड दगडी चाके जवस चिरडतात, तो भरडा कढईत ढवळत गरम करतात आणि मग दाबून तेल काढतात. आपल्या घाण्याच्या शेजारी पेंडीचा जो उबदार वास असतो तोच इथे दारापासून येतो. इथून मी अर्धा लिटरची बाटली घेतली, आणि चूक इथेच झाली.

बाटली मी खोलीच्या खिडकीत ठेवली होती. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात झाकण उघडले तर तेलाला जुन्या रंगाच्या डब्याचा वास येत होता आणि चव जिभेच्या मागे टोचेल इतकी कडू झाली होती. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक भाग अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा असतो. उजेड, ऊब आणि हवा लागली की त्याचे ऑक्सिडीकरण झपाट्याने होते. हे शास्त्र मी नंतर वाचले. आजीने फोनवर एका वाक्यात सांगितले, “बाई, जवसाचं तेल आठ दिवसांच्या वर ठेवू नये, घाण्यावरून बारकी शिशी भरून आणत जाय.” आता मी शंभर मिलिलिटरची काळी बाटली घेते, ती फ्रिजमध्ये ठेवते आणि झाकणावर तारीख लिहिते.

स्वयंपाकघरातली प्रगती सांगायची तर क्वार्ककॉइल्खन तिसऱ्या प्रयत्नात जमले. बटाटे आणि क्वार्क यांच्या या गोड टिक्क्या सॅक्सनीत सफरचंदाच्या गराबरोबर खातात. पहिल्यांदा बटाटे गरम असतानाच कुस्करले, मिश्रण सैल झाले, मी मैदा घालत गेले आणि टिक्क्या रबरासारख्या झाल्या. दुसऱ्यांदा क्वार्कचे पाणी नडले. तिसऱ्यांदा आदल्या दिवशी उकडलेले अर्धा किलो बटाटे, रात्रभर पंच्यात टांगलेला पाव किलो क्वार्क, एक अंडे, 100 ग्रॅम मैदा, मूठभर बेदाणे आणि चिमूट मीठ असे प्रमाण घेतले. मंद आचेवर लोण्यात तळल्यावर कडा कुरकुरीत झाल्या आणि मधला भाग पुरणासारखा मऊ राहिला. हेच प्रमाण मी आता वहीत शाईने लिहिले आहे.

बटाटे-क्वार्क-तेल हे ताट मात्र दर रविवारी होते. त्यावर आईने पाठवलेली जवसाची चटणी भुरभुरते. तेल आणि चटणी एकाच दाण्याची असल्यामुळे असेल, पण चव अशी काही मिळून येते की माझी शेजारीण, जी स्वतः लाउझित्स भागातली (स्प्रेवाल्ड ज्यात येते त्या) आहे, तिने चटणीची कृती लिहून घेतली.

सध्या रेनेटविना क्वार्क करण्याचा प्रयत्न चालू आहे. लिटरभर दूध 30 अंशांवर ठेवून त्यात ताकाचे विरजण लावले, काल सकाळी ते घट्ट झाले आणि रात्री पंच्यात बांधून नळाला टांगले. खालच्या पातेल्यात पिवळसर पाणी अजून थेंबथेंब पडते आहे. गाठोडे उतरवून वजन केले की आकडा इथे लिहीन.