जुना ऑक्टापॅड, नवा लॅपटॉप : माझा अनुभव

गणपतीच्या दोन महिने आधीपासून कुडाळात माझ्याकडे रेकॉर्डिंगला येणाऱ्या बेंजोवाल्यांची मागणी ठरलेली असते. आवाज जुन्या ऑक्टापॅडचाच (काठ्यांनी वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) हवा, पण गाणं मोबाईलवर आणि मिरवणुकीच्या बॉक्सवर आजच्यासारखं दणकलं पाहिजे. या दोन्ही गोष्टी एकत्र जमतात. मात्र पॅडला नुसता ‘ड्रम वाजवायचा कीबोर्ड’ समजून लॅपटॉपला जोडलं, तर पहिली मागणी तिथेच मेली.

सुरुवात अडॅप्टरपासून. जुन्या रोलँड-बॉस यंत्रांना बहुतेक वेळा ९ व्होल्ट डीसी लागतं, आणि त्यात मधली पिन ऋण असते. बाजारातला साधा अडॅप्टर नेमका उलटा, मधली पिन धन. पॅडच्या मागे छापलेलं चिन्ह वाचायचं, मल्टिमीटरने अडॅप्टर तपासायचा, मगच पिन खुपसायची. दुसरी तपासणी अर्थिंगची. जांभ्याच्या जमिनीत एप्रिल-मेमध्ये अर्थिंगचा खड्डा पार कोरडा पडतो आणि सगळीकडे हमिंग सुरू होतं. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसलं की आधी खड्ड्यात पाणी ओतायचं. केबल बदलत बसण्यात अर्धा दिवस जातो आणि दोष खड्ड्यातच असतो.

खाऱ्या हवेने जॅक काळे पडतात. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन ते पुसायचे. व्हॉल्यूमचा नॉब खरखरत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक छोटा फवारा मारायचा आणि नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत पंचवीसेक वेळा फिरवायचा. गंज सोडवायचा तेलकट स्प्रे अजिबात नको. त्यावर धूळ बसते आणि सहा महिन्यांत खरखर दुप्पट होते.

आता जोडणी. पाच पिनांची गोल मिडी केबल (हिच्यातून आवाज जात नाही, कोणता पॅड किती जोरात वाजला एवढाच संदेश जातो) १९८३ची, आणि तिचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट. ऐकायला हास्यास्पद वाटतो. पण हिशोब करून बघा : एक बाइट जायला ३२० मायक्रोसेकंद, एका ठोक्याचे तीन बाइट, म्हणजे जेमतेम एक मिलिसेकंद. दोन्ही काठ्या एकदम पडल्या तरी दोन. माणसाला हात दोनच असतात, त्यामुळे केबल कमी पडत नाही. उशीर होतो तो लॅपटॉपमध्ये. ४८ किलोहर्ट्झला (सेकंदाला ४८ हजार सॅम्पल, म्हणजे आवाजाची मापं) ५१२ सॅम्पलचा बफर, म्हणजे लॅपटॉप आधी साठवून मग पुढे सोडतो तो तुकडा, म्हणजे १०.७ मिलिसेकंद, तेही एका दिशेने, आणि वाजवणाऱ्याचा हात लगेच अडखळतो. म्हणून त्याला कानात पॅडचाच आवाज द्यायचा, इंटरफेसच्या (पॅड आणि लॅपटॉप यांच्यामधला आवाजाचा डबा) डायरेक्ट मॉनिटरिंगमधून, म्हणजे लॅपटॉपमध्ये न जाता. लॅपटॉपने त्या वेळी फक्त लिहून घ्यायचं.

लिहून घ्यायचं दोन्ही : आवाज आणि मिडी. आवाजासाठी पॅडचे डावे-उजवे आउटपुट, म्हणजे आपल्याकडची पी-३८ पिन (गिटारला लागते ती जाड पिन). ही लाइन अनबॅलन्स्ड असते (बाहेरची किरकिर आपोआप कापली जात नाही), म्हणून केबल तीन-चार मीटरच्या पुढे नको. लांबून आणायची तर डीआय बॉक्स (लाइन बॅलन्स्ड करणारा डबा) लावायचा. पॅडचा व्हॉल्यूम पाऊण ठेवायचा आणि सर्वात जोराचा ठोका उणे १२ डेसिबलच्या आसपास येईल असा गेन, २४ बिटला.

स्वस्त यूएसबी-मिडी केबल इथे हमखास दगा देते. मिडीच्या प्रत्येक इनपुटमागे ऑप्टो-आयसोलेटर (संदेश प्रकाशाने पुढे नेणारा भाग) असायला हवा, म्हणजे दोन यंत्रांच्या ग्राउंडची गाठ पडत नाही. स्वस्तातल्या केबलमध्ये तो बरेचदा नसतोच, आणि लॅपटॉपच्या चार्जरची किरकिर थेट रेकॉर्डिंगमध्ये उतरते. दुसरं, तिच्या टोकांवरचं ‘इन’ आणि ‘आउट’ कोणाच्या बाजूने लिहिलंय याचा भरवसा नाही. ठोका मारून दिवा लुकलुकला नाही तर पिना अदलाबदल करायच्या. तिसरं सगळ्यात घातक : ठोके नीट जातात, पण पॅडमधल्या सगळ्या पॅचचा (साठवलेल्या आवाज-जुळण्यांचा) बल्क डम्प, म्हणजे एकगठ्ठा बॅकअप, घेताना लांब संदेश मध्येच तुटतो आणि कुठे एरर दिसत नाही. म्हणून डम्प दोनदा घ्यायचा. दोन्ही फाइलींचा आकार सारखा हवा, सुरुवात एफ० आणि शेवट एफ७ हवा (संदेशाचा पहिला आणि शेवटचा बाइट). एफ७ नसेल तर तो बॅकअप नव्हे.

लॅपटॉपमधून पॅडच्या मिडी इनला केबल गेली असेल तर सॉफ्टवेअरमधलं ‘थ्रू’ (आलेला ठोका परत बाहेर पाठवणं) बंद करा. नाहीतर प्रत्येक ठोका स्वतःच्या शेपटीवर पुन्हा वाजतो आणि डबा बडवल्यासारखा पोकळ आवाज येतो.

आता मुख्य काम. पॅडचा मूळ आवाज वर, आणि मिडीवरून चालवलेला नवा सॅम्पल (इथे अर्थ रेकॉर्ड केलेला ठोका) आठ-दहा डेसिबल खाली, फक्त वजनासाठी. दोन्ही ट्रॅकवर एकच ठोका मोठा करून बघायचा. नवा ठोका २४० मापं मागे पडला असेल तर ४८ किलोहर्ट्झला ५ मिलिसेकंद. तेवढा तो ट्रॅक डावीकडे, म्हणजे लवकर वाजेल असा, ओढायचा. मग पहिली लाट बघायची. एक वर चढतेय आणि दुसरी खाली उतरतेय असं दिसलं तर सॅम्पलची पोलॅरिटी उलटी करायची. हे न करता नुसता बेस वाढवत गेलात तर ढोलकीचा खालचा घुमारा उलट नाहीसा होतो, आणि दोष बिचाऱ्या पॅडवर येतो.

नव्या सॅम्पलरमध्ये ‘राउंड रॉबिन’ असतं : प्रत्येक ठोक्याला थोडा वेगळा सॅम्पल, म्हणजे ऐकायला खरा माणूस वाजवतोय असं वाटावं. सुधारणा म्हणून ते मी चालू ठेवलं होतं. वाजवणारा दोन ओळी ऐकून म्हणाला, “दादा, ह्यो आमचो पॅड न्हय.” बरोबर होतं त्याचं. जुन्या पॅडमध्ये तोच सॅम्पल जसाच्या तसा पुन्हा वाजतो, आणि जलद तोड्यातली ती यंत्रासारखी एकसारखी तडतड हीच बेंजोची ओळख आहे. राउंड रॉबिन बंद केलं आणि पॅडचाच सॅम्पल संच बनवला : प्रत्येक पॅड आठ वेगवेगळ्या जोरांवर, प्रत्येक जोराला एकच घाव. एकच पुरतो, कारण दुसरा घेतला तरी तोच येतो.

जोराचंही तसंच. मिरवणुकीत वाजवणारा सगळं १२७वरच (मिडीतला जोराचा सर्वात मोठा आकडा) मारतो. कर्व्ह (ठोक्याच्या जोराला कोणता आकडा द्यायचा ते) लॅपटॉपमध्ये न बदलता पॅडमध्येच बदलायचा, म्हणजे त्याच्या कानातला आवाज आणि आपली नोंद जुळते. साधा ठोका ८० ते १००, जोराचा घाव १२०.

क्लिकचा (कानात टिकटिकणाऱ्या ठेक्याचा) हट्ट धरू नये. लय चढत जाते, ती चढू द्यायची आणि टेम्पो मॅप (लयीचा आराखडा) नंतर आखायचा.

पावसाळ्यात पॅड बंद डब्यात, निळ्या सिलिका जेलसोबत. ते गुलाबी झालं की १२० अंशांवर तास-दीड तास तापवून परत निळं करायचं. त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं, त्यामुळे भाकरीच्या तव्यावर आणि घरातल्या भांड्यात ते तापवू नका. वेगळी पत्र्याची थाळी ठेवा.