बंदी घालून भागत नाही

बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीचा, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्याचा, आयटी विभाग मी सांभाळतो. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं आणि आम्हाला कोणी विचारायच्या आत खरेदीपासून क्वालिटीपर्यंत पोचलंसुद्धा.

२०२३ मध्ये सॅमसंगच्या इंजिनिअरांनी त्यात कंपनीचा गुप्त सोर्स कोड, म्हणजे सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर, टाकला आणि कंपनीनं बंदी घातली. जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय अर्थमंत्रालयानंही ऑफिसच्या संगणकांवर अशी साधनं वापरू नका म्हणून कळवलं. आमच्याकडेही सूर निघाला, फायरवॉलवर, म्हणजे कारखान्याच्या इंटरनेटच्या नाक्यावरच, बंद करा. मी ठाम नकार दिला. इथं बंद केलं की माणूस मोबाइलवर ग्राहकाच्या ड्रॉइंगचा फोटो काढून तिथून विचारणार, आणि मग आमच्या लॉगमध्ये, म्हणजे वापराच्या नोंदीतही, काही दिसणार नाही.

शिवाय गरज खरी आहे. डिस्पॅचमधले काका कन्नड फाडफाड बोलतात, पण सरकारी खात्याचं कन्नड पत्र वाचताना अडखळतात. त्यांना अर्थ मराठीत हवा असतो. त्यात वाईट काय?

म्हणून आमच्याच मशीनवर छोटं एआय मॉडेल बसवलंय. ७ अब्ज पॅरामीटरचं (मॉडेलनं शिकलेल्या आकड्यांचं) मॉडेल ४ बिटांत आणलं, म्हणजे प्रत्येक आकडा कमी जागेत साठवला, की ४-५ जीबी मेमरीत मावतं. मोठ्या मॉडेलांइतकं हुशार नाही, मराठीत चुकतंही; पण ग्राहकाचं ड्रॉइंग कारखान्याबाहेर जात नाही, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

माझं कामही बदललं. पूर्वी फोन यायचा, ‘प्रिंटर चालेना’. आता येतो, ‘हे उत्तर बरोबर आहे का बघा की!’ मग जाऊन शेजारी बसतो, मूळ पत्राशी ताडून दाखवतो. बाहेरचं साधन वापरायचंच असेल तर ग्राहकाचं नाव, दर, ड्रॉइंग नंबर आधी गाळायचे, हेही तिथंच करून दाखवतो. पुढची पाळी मोल्डिंग शॉपच्या सुपरवायझरांची.