उदमांजर, नवतपा आणि ओलं तरट

आलं बाप्पा, शेवटी आलं! उदमांजराची मादी, मागे दोन पिल्लं, दहा सेकंदांची अख्खी क्लिप. होळीनंतर ट्रॅप कॅमेऱ्याचं (समोर प्राणी आला की आपोआप टिपणारा) रात्रीचं कार्ड कोरंच निघत होतं. दुपारचं मात्र निंबाच्या हलत्या सावल्यांनी गच्च.

प्राणी कुठं गेलेला नव्हता. छपराच्या कवेलूंवर रात्री धडधड चालूच, आणि कोठ्याच्या भिंतीच्या टोकाला, ठरलेल्या जागी, टेंभरांच्या (तेंदूच्या फळांच्या) बियांनी भरलेल्या लेंड्या. रात्री काहीच का टिपलं जात नाही, असं मागे इथं विचारलं होतं. तुम्ही सांगितलं ते सगळं केलं: सेल बदलले, सेन्सिटिव्हिटी ‘हाय’ केली. विकणारा म्हणे, कॅमेरा 60 अंशांपर्यंत चालतो. चालतो हो, पण बघतो का?

कॅमेऱ्यातल्या पीआयआरला, म्हणजे उष्णता ओळखणाऱ्या सेन्सरला, कळतो तो फक्त तापमानातला फरक. जानेवारीत भिंत 12-13 अंशांची, त्यावर गरम अंगाचा प्राणी लगेच उठून दिसायचा. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ जाळणाऱ्या दिवसांत, दिवसभर 45 अंश खाल्लेली भिंत रात्री नऊलाही 38 वर. उदमांजराचं अंगही त्याच्याच आसपास. सेन्सरच्या लेखी तिथं कोणीच नाही.

उपाय सुचला कूलरसमोर बसून. दोन बारदाने भिजवून भिंतीवर, कॅमेऱ्याच्या टप्प्यात पसरले. करोनातली ती कपाळावर धरायची बंदूक सरफेस मोडवर लावली: कोरडी भिंत 38, ओलं तरट 26! आपल्याकडची कोरडी हवा इथं कामी आली. कॅमेराही फिरवला, म्हणजे प्राणी अंगावर न येता आडवा जाईल. पीआयआर आडवी चाल चांगली पकडतो. आणि कॅमेरा घेताना रात्रीचा इन्फ्रारेड फ्लॅश 940 नॅनोमीटरवालाच घ्या, टप्पा कमी असला तरी. 850 च्या लाल ठिपक्याकडे ही बाई टक लावून बघत बसायची.

शेजारच्या आजीला क्लिप दाखवली. एरवी त्यांचं एकच, “मसन्या हाय थो, मुडदे उकरते.” लेंड्यांतल्या बिया नि उंदरांचे केस दाखवूनही फरक पडला नव्हता. पिल्लं बघितली आणि म्हणाल्या, “लेकुरवाळी हाय, तरट वाळू नको देऊ मंग.” कोंबड्यांवाले काका अजून पिंजऱ्याचंच बोलतात. खुराड्याला बारीक जाळी मारून देतो म्हटलंय.

आता अडचण एकच: तरट दोन तासांत वाळतं, आणि मादी पहाटेही फिरते. दुसरा, टाइमलॅप्सवाला (सेन्सरची वाट न बघता ठरावीक वेळाने फोटो काढणारा) कॅमेरा घेणार होतो. पण लिहिता लिहिता वाटतंय, ते पैसे राहू द्यावे. कवेलूंवर टाकी ठेवून ठिबकची नळी तरटावर सोडली तर? पंप नाही, आवाज नाही, लाइन गेली तरी चालेल. मृगानंतर हवा दमट झाली की तरट फारसं थंड होणार नाही, पण तोवर भिंतही निवलेली असेल. तेव्हाचं दुखणं वेगळं, लेन्सवरचं धुकं नि हलते वेल.

संत्र्याच्या बागेतली काढलेली 16 एमएम लॅटरल (ठिबकची नळी) कोणाकडे पडली आहे का? आणि ड्रिपर ताशी 2 लिटरचे लावू की 4 चे?