नाट्यगीताच्या साथीला इलेक्ट्रॉनिक ऑर्गन: शोध कुठपर्यंत आलाय

मंडळी, ऑर्गनच्या शोधाचं पुढचं लिहितोय. नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो, मी हौशी वादक, नोकरी सांभाळून नाट्यगीतांच्या कार्यक्रमांना आणि जमलं तर एखाद्या संगीत नाटकाला साथ करतो. आमच्या ग्रुपकडे पायाने भाता मारायचा जुना ऑर्गन आहे, आवाज अजूनही असा की पहिला षड्ज धरला की हॉल शांत होतो, पण तो हलवायचा म्हणजे टेम्पो पाहिजे, चार माणसं पाहिजेत, आणि पावसाळ्यात सूर (आतल्या पितळी पट्ट्या) अडकायला लागले की दुरुस्त करणारा माणूस शोधण्यापासून सुरुवात. म्हणून एकट्याला उचलता येईल असं काहीतरी इलेक्ट्रॉनिक घ्यायचं ठरलं, पण साथ ऑर्गनचीच वाटली पाहिजे, कीबोर्डची नाही.

आता 'ऑर्गनची साथ' म्हणजे नक्की काय, हे ठरवल्याशिवाय दुकानात जाऊन उपयोग नाही असं माझं स्पष्ट मत झालंय. गंधर्व नाटक मंडळीच्या जमान्यापासून ऑर्गन नाट्यसंगीतात रुजला त्याचं मोठं कारण म्हणजे भाता पायात गेल्यामुळे दोन्ही हात मोकळे. पेटीत एक हात भात्याला अडकतो. ऑर्गनवर डावा हात षड्ज-पंचम धरून बसतो, उजवा गायकाच्या मागे जातो, आणि गायकाने तान टाकून श्वास घेतला की मधली जागा भरून काढतो. आणि आवाज तुटत नाही. शिवाय गुडघ्याने ढकलायचा तो स्वेल, त्याने आवाज लहानमोठा होतो, गायक खाली आला की आपण खाली. माझ्या मते अर्धी साथ त्या गुडघ्यात आहे. त्यामुळे टोन किती आहेत, 600 का 800, रिदम किती, याच्याकडे मी बघतच नाही. बघतो ते इतकंच की धरलेला स्वर कसा वाटतो, पायाने आवाज कमीजास्त करता येतो का, स्वर सेंटमध्ये (सेंट म्हणजे शेजारच्या दोन कीजमधल्या अंतराचा शंभरावा भाग) हलवता येतात का, आणि दोन जिने चढून नेता येईल का.

ड्रॉबारवाले

सुरुवात मी हॅमंडच्या वाटेने केली (हॅमंड म्हणजे विजेवर चालणारा अमेरिकन ऑर्गन, त्यात ड्रॉबार नावाच्या सरकपट्ट्या ओढून आवाज घडवायचा), कारण गिग करणारे लोक ऑर्गन म्हटलं की तिकडेच बोट दाखवतात. पहिला हॅमंड 1935 चा, आणि तो प्रसिद्ध बी-3 1954 च्या सुमाराचा, बाक आणि पेडल धरून 190 किलोच्या आसपास, म्हणून तर जगभर त्याच्या हलक्या नकला निघाल्या. गोव्यातला एक मित्र लग्नाच्या रिसेप्शनना बँडमध्ये वाजवतो, त्याच्याकडे यामाहा वायसी61 आहे, 7.1 किलो, खांद्याला लावून बसने जातो म्हणतो. त्याच्यावर मनसोक्त वाजवून बघितलं. वाद्य म्हणून अप्रतिम, कीज गुळगुळीत, ड्रॉबार हातात येतात, कुठल्याही रॉक नाहीतर जॅझवाल्याने डोळे झाकून घ्यावं. नॉर्ड इलेक्ट्रोसुद्धा त्याच वर्गातला, आणि त्यात वरून सॅम्पल, म्हणजे रेकॉर्ड केलेले आवाज, भरता येतात.

पण आपल्या कामाला ड्रॉबार का कमी पडतो ते मला तिथे बसूनच कळलं, आणि हे जरा सविस्तर सांगतो कारण बऱ्याच जणांना यात रस असेल. हॅमंडचा आवाज म्हणजे जवळजवळ शुद्ध साईन लाटांची बेरीज, नऊ ड्रॉबार, त्यात मूळ स्वर, दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा, सहावा आणि आठवा हार्मोनिक (म्हणजे मूळ स्वराच्या तितक्या पट कंपनाचा उपस्वर), शिवाय 16 आणि 5⅓ फुटांचे दोन. सातवा नाहीच, आठव्याच्या वर काही नाही. पितळी सुरात मात्र वरपर्यंत हार्मोनिक भरलेले असतात, ती जी किंचित करकर असते जी तबल्याच्या आणि गायकाच्या मधून वाट काढते ती तिथून येते. 8 फूट (मूळ स्वर) आणि 4 फूट (वरचं सप्तक) ओढून, जरासा 2⅔ देऊन पायपेटीच्या मऊ स्टॉपसारखा (स्टॉप म्हणजे ओढून सुरांचा एक संच चालू करायची खुंटी) आवाज येतो, छान येतो, पण हॉलमध्ये मागे जातो.

दुसरी गोष्ट आणखी महत्त्वाची. हॅमंडमध्ये हार्मोनिक वेगळे तयार होत नाहीत, दुसऱ्या स्वराचं चाक (फिरून स्वर तयार करणारं) उसनं घेतलं जातं. म्हणजे 1⅗ चा ड्रॉबार, जो पाचवा हार्मोनिक म्हणून येतो, तो खरं तर वरच्या सप्तकातला कीबोर्डचा गंधार असतो, तंबोऱ्यातून निघणाऱ्या स्वयंभू गंधारापेक्षा साधारण 14 सेंट चढा. चांगल्या नकला हेसुद्धा तंतोतंत उतरवतात. ब्लूजमध्ये त्याची मजा आहे, पण शेजारी तंबोरा चालू असेल तर तो ड्रॉबार बंदच ठेवावा लागतो.

सुरांचं गणित

गंधारावर आलोच आहे तर हा भाग इथेच लिहितो. पांढरी एकला षड्ज धरला तर मध्य सप्तकात कीबोर्डचा शुद्ध गंधार 329.6 हर्ट्झला येतो आणि तंबोऱ्याशी जुळणारा 327 ला. ऐकायला फरक एवढासा वाटतो, पण गायक गंधारावर स्थिरावला आणि आपणही तोच धरला की सेकंदाला दोन-अडीच लाटा हलताना ऐकू येतात, आणि चांगला गायक त्या क्षणी आपल्याकडे बघतो. आमचा जुना ऑर्गनही इक्वल टेम्पर्डच (सप्तकाचे बारा सारखे भाग केलेला) आहे, तिथे आम्ही गंधारावर जास्त वेळ थांबत नाही, स्पर्श करून सुटतो. पेटीवाले लोक गांधार ट्यूनिंग (तंबोऱ्याशी जुळणारे सूर) करून घेतात पण मग ती पेटी एकाच षड्जाला बांधली जाते. आमच्या कार्यक्रमात एक गायक काळी एकला गातो, लगेच पुढचं पद गायिकेचं काळी चारला, मग काय करणार.

इलेक्ट्रॉनिकचा खरा फायदा मला इथे दिसला. स्केल ट्यून नावाची सोय असेल तर प्रत्येक स्वर सेंटमध्ये हलवता येतो आणि षड्ज कुठे धरायचा तेही सांगता येतं. मी वापरतो ते आकडे असे: रे +4, ग -14, म -2, प +2, ध -16, नी -12, कोमल रे +12, कोमल ग +16, तीव्र म -10, कोमल ध +14. कोमल निषाद पद बघून, +18 ठेवला तर कोमल गंधाराशी पंचमाच्या नात्याने जुळतो, -4 ठेवला तर मध्यमाशी. धैवतही सगळीकडे -16 चालत नाही, काही पदांत गायकाचा धैवत चढा लागतो तिथे +6 करतो. हे सगळं कानाने ठरवायचं, तंबोरा लावून, आकडे फक्त सुरुवातीला.

दुकानात एक टेस्ट नक्की करा. स्केल ट्यून लावा, मग ट्रान्सपोज बटण दाबा आणि परत षड्ज-गंधार एकत्र धरा. काही मशीनमध्ये ट्यूनिंग तुमच्या बोटांबरोबर सरकतं, काहींत जिथल्या तिथे राहतं आणि सगळं बेसूर होतं. मॅन्युअल वाचून हे कळत नाही. मी तर ट्रान्सपोज वापरणंच सोडलं, त्या त्या पट्टीत वाजवतो आणि षड्ज बदलतो.

पेडलचं प्रकरण

स्वस्त कीबोर्डांपैकी बऱ्याच जणांना मागे फक्त सस्टेनचं (की सोडल्यावरही स्वर लांबवणाऱ्या पेडलचं) भोक असतं. सस्टेन आपल्याला नकोच आहे, ऑर्गनची की सोडली की स्वर संपला पाहिजे. पाहिजे ते एक्सप्रेशन पेडल, पायाने आवाज लहानमोठा करणारं. आणि त्यात कंपनी-कंपनीचं वायरिंग वेगळं, यामाहाचं एफसी7 आणि रोलँडचं ईव्ही-5 यांची जोडणी उलटी आहे, एकाचं दुसऱ्याला लावलं तर नीट चालत नाही, घ्यायच्या आधी विचारा. कीबोर्डला तसं भोकच नसेल तर लाईन आउटच्या पुढे व्हॉल्यूम पेडल लावायचं, पण गिटारवाल्यांचं नको, बॉसचं एफव्ही-500एल हे कीबोर्डसाठी आहे, एफव्ही-500एच गिटारसाठी. एका अक्षराचा फरक आहे, सेकंडहँड घेताना बघून घ्या.

गुडघ्यातून पायात यायला वेळ लागतो हे खरं. मी रोज फक्त षड्ज धरून पाय हळूहळू खाली-वर करायचा रियाज करतोय, रेकॉर्ड करून ऐकतो, आवाज पायऱ्या-पायऱ्यांनी वाढतोय का सलग, ते लगेच कळतं.

लॅपटॉपचा पर्याय

हाही करून बघितला कारण आवाजाच्या बाबतीत याला तोड नाही. हलका मिडी कीबोर्ड (आवाज लॅपटॉपमधून येतो), लॅपटॉप, चांगलं ऑडिओ इंटरफेस. 48 किलोहर्ट्झला 256 चा बफर ठेवला की आवाज यायला साधारण 5 मिलिसेकंद उशीर त्याचा, वाजवताना जाणवत नाही. घरी आणि तालमीला हेच वापरावं असं मी म्हणेन. पण नाटकात आपण रंगमंचाच्या पुढे खाली बसलेले असतो, अंधार, पायात वायरी, बाजूला तबला, मधूनच जनरेटरवर लाईट जाते येते, तिथे तीन डबे आणि पाच वायरी सांभाळत साथ करायला माझं मन घेत नाही. कोकणात आणि गोव्यात जत्रेला नाटक करणारे मित्र तर हे ऐकूनच घेत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे.

घेतलं काय

तर शेवटी सेकंडहँड यामाहा पीएसआर-एसएक्स700. हो, अरेंजर (आपोआप ताल आणि साथ देणारा कीबोर्ड) आहे, त्यातल्या रिदमला मी हातही लावत नाही. पण त्यात स्केल ट्यून आहे आणि ते रजिस्ट्रेशनमध्ये (सगळी सेटिंग एका बटणावर साठवायची सोय) सेव्ह होतं, म्हणजे एका बटणावर काळी एक, पुढच्यावर काळी चार, पद संपलं की एक बोट. दोन पेडलची सोय आहे. स्पीकर आतच आहेत त्यामुळे तालमीला वेगळा अँप नेत नाही. आणि साधारण 400 एमबीपर्यंत स्वतःचे आवाज भरता येतात, माझा निर्णय खरं तर यावरच झाला. वजन साडेअकरा किलोच्या आसपास, वायसी61 पेक्षा बरंच जास्त, बॅग आणि स्टँड धरून जिना चढताना जाणवतं, पण टेम्पो सुटला. अडॅप्टर 16 व्होल्टचा आहे हे लक्षात ठेवा, कार्यक्रमात कोणाचा तरी 12 व्होल्टचा मागून चालवता येणार नाही, म्हणून एक जादा कायम बॅगेत.

घेतल्या घेतल्या केलेल्या गोष्टी: टच बंद, म्हणजे की कशीही दाबली तरी आवाज तेवढाच. रिव्हर्ब बंद, हॉलचा असतोच. कोरस तर पूर्ण बंद, त्याने स्वर जाड होतो पण गायकाला नेमका सूर सापडत नाही.

जुन्या ऑर्गनचं सॅम्पलिंग

सध्याचं काम हे. आमच्याच ऑर्गनचा आवाज मशीनमध्ये भरतोय. रात्री रस्त्यावरची वर्दळ थांबली की रेकॉर्डिंग, 24 बिट, 48 किलोहर्ट्झ, दर चौथ्या कीचा स्वर, प्रत्येक स्टॉप वेगळा. एक जण फक्त भाता सांभाळायला बसतो, कारण पायाचा दाब हलला की स्वरही किंचित हलतो आणि मग लूप (स्वर धरून ठेवण्यासाठी फिरत राहणारा तुकडा) बसत नाही. माईक समोर न ठेवता थोडा वर आणि मागे ठेवल्यावर भात्याचा आवाज बराच कमी झाला.

शिकलेली एक गोष्ट लगेच सांगतो. व्हॉक्स ह्युमाना या स्टॉपचा, फिरून आवाज थरथरवणारा पंखा चालू ठेवून सॅम्पल घेऊ नका. एक स्वर ताणून शेजारच्या कीजवर बसवला की पंख्याचा वेगही बदलतो, वरच्या कीजवर भरभर, खालच्यांवर संथ, ऐकवत नाही. पंखा बंद ठेवून रेकॉर्ड करा आणि ट्रेमोलो मशीनमधून हलकासा द्या.

खर्जातले सूर बोलायला क्षणभर उशीर करतात, तो उशीर मी कापला नाही, तसाच ठेवलाय. कापून बघितल्यावर डाव्या हाताचा षड्ज एकदम कीबोर्डचा वाटायला लागला. उजव्या हाताच्या भागात मात्र सुरुवात थोडी छाटली, जलद तानेमागे जाताना ते लागतं. 8 फूट आणि 4 फूट स्टॉप मशीनच्या राईट 1 आणि राईट 2 या उजव्या हाताच्या दोन आवाजांवर वेगळे ठेवलेत, म्हणजे पद चढलं की वरचं सप्तक एका बटणाने जोडता येतं.

आणखी एक, जुने अमेरिकन ऑर्गन साधारणपणे एफ ते एफ असे पाच सप्तकांचे असतात आणि 61 कीजचा कीबोर्ड सी पासून सुरू होतो. डाव्या हाताला जे खालचे स्वर सापडायची सवय आहे ते इथे नाहीत. लेफ्ट पार्ट (डाव्या हाताचा आवाज) एक सप्तक खाली ठेवून स्प्लिट केला, म्हणजे कीबोर्ड दोन भागांत वाटला, की काम होतं, पण स्प्लिट कुठे ठेवायचा ते प्रत्येक पट्टीला वेगळं, म्हणून तेही रजिस्ट्रेशनमध्येच.

मागच्या तालमीला पहिल्यांदा दोन्ही वाद्यं शेजारी ठेवली. आमच्या गायिका बाईंनी पाठ फिरवून ऐकलं. मध्य सप्तकात ओळखता आलं नाही म्हणाल्या, तार सप्तकात नवं वाद्य जरा पातळ लागतं, आणि गंधार मात्र नव्याचा जास्त आवडला. तार सप्तकाचं त्यांचं म्हणणं मला पटतं, तिथे दर चौथ्या कीऐवजी दर दुसऱ्या कीचं रेकॉर्डिंग परत करणार आहे.

आमच्या ऑर्गनचा सेलेस्ट स्टॉप (किंचित वेगळ्या लागलेल्या सुरांनी लहरणारा आवाज) गेलेला आहे, त्याचे अर्धे सूर बोलतच नाहीत. दोन आवाज पाच सेंटने हलवून नक्कल केली, तेवढी जमली नाही. कोणाच्या घरी, देवळात, चर्चमध्ये किंवा नाटक मंडळीच्या गोदामात सेलेस्ट चालू असलेला पायाचा ऑर्गन असेल आणि एक रात्र रेकॉर्डिंगला बसू देणार असाल तर जरूर कळवा, पुणे, सातारा, रत्नागिरी, गोवा, कुठेही येईन, माईक माझे, आणि तयार झालेले सगळे सॅम्पल आकड्यांसकट तुम्हालाही देईन.