गुंडीची नोंद: अकरा आठवड्यांचा उपास आणि एक गाडगं

रविवारी, २६ ऑक्टोबरला, रात्री साडेनऊच्या सुमारास माझ्या गुंडीनं, म्हणजे पाळलेल्या बॉल पायथॉननं (आफ्रिकेतला एक अजगर), उंदीर घेतला. याआधीचं तिचं जेवण १० ऑगस्टचं. मधले अकरा आठवडे कसे गेले ते घरातल्यांना विचारा. आधी ही बातमी, आता पावसाळ्यापासूनची नोंद.

वजनं अशी: जूनअखेर १,१२० ग्रॅम, सप्टेंबरच्या मध्यावर १,०८५, आणि २५ ऑक्टोबरला १,०६४. म्हणजे सगळी मिळून पाच टक्के घट. अडीच वर्षांच्या मादीला एवढी घट झेपते. दहा टक्क्यांच्या जवळ गेली असती तर मी पुन्हा डॉक्टर गाठले असते. बॉल पायथॉन उपास धरतात हे आपल्याला माहीत असतं, पण रोज रात्री पेटीसमोर बसून ते सोसणं वेगळं. वजनकाट्यानंच मला धीर दिला. स्वयंपाकघरातला साधा काटा, वर झाकणाचा डबा, दर रविवारी सकाळी एकच वेळ.

सुरुवात झाली ती ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात. कोल्हापूरचा तो पाऊस तुम्हाला सांगायला नको. राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याकडं निघाली की आम्ही नदीकाठचे लोक दर तासाला आकडा बघतो. अशाच एका रात्री लाईट गेली. पेटीतला सिरॅमिक हीटर १०० वॅटचा, त्यात घरातले पंखे चालू, इन्व्हर्टर पहाटेआधीच बसला. मी झोपलेलो. सकाळी उठून बघतो तर उबदार बाजू २२ अंशांवर. तिथं ३२ हवं, थंड बाजूला २६. आर्द्रता ८५ टक्के. पोटात दोन दिवसांपूर्वी खाल्लेला उंदीर असताना साप गार पडला तर तो पचत नाही, कधी उलटूनही पडतो. तसं झालं नाही. पण चार दिवसांनी तिच्या उजव्या नाकपुडीवर एक बुडबुडा दिसला. मोहरीएवढा. श्वास सोडताना फुगायचा, घेताना आत जायचा. कान जवळ नेला तर बारीक शिट्टीसारखा आवाज.

गारठा आणि ओल एकत्र आली की श्वसनाचा संसर्ग धरतो, हे मला पाठ होतं. तरीही पाण्याचं भांडं मी उबदार बाजूला ठेवलेलं होतं, त्याची वाफ होऊन पेटी अजून ओली होत होती. नुसती ओल या सापाला चालते, कात टाकताना तर ७० टक्के लागते. ओलीसोबत गारठा आला की छाती बिघडते.

इथले डॉक्टर म्हशी, कुत्री, मांजरं बघतात. त्यांनी मोकळेपणानं सांगितलं, सापाचं मला जमणार नाही, पुण्याला न्या. त्यांचे आभारच मानतो. २३० किलोमीटर, गुंडी कापडी पिशवीत, पिशवी थर्माकोलच्या पेटीत, शेजारी टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची रबरी पिशवी. दर तीन दिवसांनी इंजेक्शन लागलं. ते शरीराच्या पुढच्या भागात द्यायचं, कारण सापाच्या मागच्या भागातलं रक्त हृदयाकडं जाताना मूत्रपिंडातून जाऊ शकतं आणि औषध अंगभर पोचण्याआधीच गाळलं जातं किंवा मूत्रपिंडाला इजा करतं. औषधाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. सापाचं वजन आणि आजार बघून डॉक्टरनीच ते ठरवायचं. पेटीत अंथरलेला नारळाचा भुसा काढून नुसता वर्तमानपत्राचा कागद घातला, भांडं थंड बाजूला नेलं, वरची दोन भोकं मोठी केली, रात्रीही थंड बाजू २७ च्या खाली येऊ दिली नाही. सप्टेंबरच्या मध्यावर बुडबुडा गेला, शिट्टी गेली.

आता लाईट गेल्यावरची तयारी वेगळी आहे. झाकणाला भोकं पाडलेला प्लॅस्टिकचा टब, बाहेरून थर्माकोल, खाली १६ वॅटची हीट मॅट, थर्मोस्टॅटला जोडलेली. एवढ्यावर इन्व्हर्टर रात्रभर तग धरतो. थर्मोस्टॅटशिवाय मॅट लावू नका, पोटाची कातडी भाजते आणि साप तरीही तिथून उठत नाही. तापमान बघायला कोविडमधली कपाळाची गन काढू नका, ती अंगातल्या तापापुरतीच असते. उद्यमनगरात कारखान्यांसाठी मिळते ती घ्या.

बरी झाली, पण खायला तयार नाही. मी गोठवलेला उंदीर रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात वितळवतो (त्या फ्रीजवरून घरात झालेली बोलणी इथं लिहीत नाही), मग पिशवीत घालून कोमट पाण्यात, शेवटी डोकं थोडं जास्त गरम, ३८ अंशांपर्यंत. वरच्या ओठावरच्या खळग्यांनी तिला ती ऊब जाणवते. जीभ काढायची, जवळ यायची आणि तोंड फिरवून मागं जायची. पाच वेळा असंच झालं. दोन प्रयत्नांच्या मध्ये मी आठ-दहा दिवस सोडले. रोज समोर उंदीर नाचवला की साप आणखी बिथरतो.

मग आई बोलली. एरवी ती त्या खोलीच्या उंबऱ्याबाहेरूनच बघते. मी तिला कधीतरी सांगितलं होतं की घाना, टोगो, बेनिनकडं हे साप उंदरांच्या बिळांत आणि वाळवीच्या वारुळांत राहतात. ती म्हणाली, "आरं, वारुळातला जीव म्हणतोस, मग त्याला बसायला एवढी ऐसपैस खोली कशाला? अंग टेकंल असं काहीतरी दे की."

बरोबर होतं. माझं हाईड (सापाला लपून बसायची जागा) म्हणजे उलटा टाकलेला मोठा ट्रे, त्यात ती मधोमध, चारी बाजूंनी मोकळी. मी शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीतून एक जाड गाडगं आणलं, बाजूला मुठीएवढं भोक पाडून घेतलं, कडा पॉलिश पेपरनं घासल्या. भोकातून बोट फिरवून तीनदा बघितलं, कुठं खरखरत नाही ना. ते उबदार बाजूला पालथं ठेवलं. दुसऱ्या रात्री ती आत शिरली आणि अशी बसली की पाठ, कुशी, सगळं मातीला टेकलेलं. भोकातून फक्त नाकाचा शेंडा.

बाराव्या दिवशी त्याच भोकासमोर ५० ग्रॅमचा उंदीर चिमट्यानं धरला. क्षणभर जीभ, आणि मग झडप. गाडग्यातच विळखा घातला, गाडगं हललं. आई दारातून म्हणाली, "घेतलं न्हवं?" मला लगेच बोलता आलं नाही. पुढचे ४८ तास हात लावला नाही.

दोन गोष्टी नवीन मित्रांसाठी. गुंडी परदेशी प्रजाती, साइट्स या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मधली. वन्यजीव कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनंतर अशा प्राण्यांची सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते, माझी झालेली आहे. कागद नसलेला साप स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका. दुसरी गोष्ट उसाच्या फडातली. तिथं सापडलेलं 'अजगराचं पिल्लू' बऱ्याचदा घोणस असते, आणि तिला हातात घेऊन माणसं मेली आहेत. खरोखर अजगर असला तरी तो वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मधला, पाळायचा नाही. लांब उभं राहून वनविभागाच्या १९२६ वर फोन करा.

आज सकाळी वजन १,१०२. थंडी सुरू झाली की इथली हवा कोरडी पडते, मग आर्द्रता ४० च्या खाली जाते आणि कात तुकड्यातुकड्यांनी निघते. म्हणून आर्द्रता ५५ च्या खाली आली की भांडं परत उबदार बाजूला आणि गाडग्यात ओलं शेवाळ. डोळे कालपासून किंचित निळसर वाटतायत, म्हणजे कात जवळ आली. पुढचा उंदीर कात निघाल्यावरच.